दगडाबाईच्या लिंबावरचे पिंगळे

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे अजून पुरते पांगले नव्हते, तोच तात्यासाहेब छावणीतून एका लाकूडतोड्याला घेऊन आले. परसातला लिंब आजच पाडायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात कुणाला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं घरात कुणी उरलंय, असं त्यांना वाटतच नव्हतं.

तात्यासाहेब हे दगडाबाईचे थोरले दीर. देवगाव रंगारीला त्यांची शेती, आणि भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. धाकटा भाऊ कडूबा शहरात पाटबंधारे खात्यात कारकून होता. क्रांती चौकापासून पायी जाता येईल अशा एका नव्या वसाहतीत त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मागं थोडी मोकळी जागा आणि तिच्यात आधीपासून उभा असलेला जुना लिंब. एकोणऐंशी सालच्या माघात, सकाळी कचेरीला निघताना, चपला घालायला म्हणून तो पायरीवर बसला आणि तिथंच कलंडला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

त्याच्या आधीचे काही दिवस लिंबावरचे पिंगळे रोज दिवेलागणीला ओरडत होते. ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं, आणि कडूबा गेल्यावर सगळ्या गल्लीला ते एकदम आठवलं. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. त्याच्या ओरडण्यानं माणूस जातो, हे लोकांना सांगावं लागत नाही.

परसात दोर पडल्याचा आवाज झाला तेव्हा दगडाबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कडूबा गेल्यापासून ती कुणाशी धड बोललेली नव्हती. थोरल्या दिरासमोर तर ती लग्न झाल्यापासून कधीच बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर दाराआड उभी राहायची आणि लेकीच्या, लक्ष्मीच्या, तोंडून निरोप द्यायची. त्या दिवशी ती उठली, बाहेर बसलेल्या पुरुषांमधून वाट काढत परसात गेली आणि लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"झाड नाय पाडायचं," ती म्हणाली.

दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं तात्यासाहेबांना वाटलं. ते लाकूडतोड्याकडं वळले. "गयास, तू घाल घाव. बाईमाणसाकडं काय बघतो."

"भाऊजी, झाड माझ्या दारात हाय."

"माझा भाऊ खाल्ला त्या पाखरानं."

"पाखरानं नाय खाल्ला. दिवाळीपासनं त्यांची छाती दुखत हुती. मला म्हणले, तुम्हालाबी म्हणले. आपुन दोघांनीबी वात असंल म्हणून सोडून दिलं. आता पाखराच्या अंगावर नका ढकलू."

इतकं बोलताना तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो तिनं सावरला नाही.

गयास मान वर करून ढोलीकडं बघत होता. आतून चिरका, कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. त्यानं कुऱ्हाड खाली टेकवली. "अंदर बच्चे हैं, साहब," तो तात्यासाहेबांना म्हणाला. "मेरेकू क्या, घरवाली काट बोली तो काटतूं, नक्को बोली तो नै काटतूं. घर इनका है."

त्यानं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि निघून गेला. तात्यासाहेबही त्याच संध्याकाळच्या गाडीनं गावी गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "आता या घरात काही झालं तर मला बोलावू नको."

"बरं," दगडाबाई म्हणाली.

तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून तिचं नाव दगडा ठेवलं होतं. मरणानं यावं, दगड आहे म्हणून सोडून जावं. कडूबाचं नावही त्याच हिशेबातलं. कडू वस्तू कोण तोंडात घेणार? लग्नात दोघांच्या नावांवरून बायका पुष्कळ हसल्या होत्या. तिचं माहेर कन्नडकडचं. रझाकारांच्या दिवसांत तिचे आईबाप तिला काखेत मारून घाट उतरले आणि चाळीसगावला नातलगांकडं राहिले. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आले तर घराची कवाडं मोडलेली, भांडीकुंडी गेलेली, आणि आत तुळईवर होल्यानं घरटं घातलेलं. बापानं काठी घेतली तेव्हा आईनं त्याचा हात धरला. आपण सगळे निघून गेलो तेव्हा घर ह्यानं राखलं, असं ती म्हणाली. पिल्लं उडेपर्यंत चूल अंगणात पेटत होती, घरात धूर होऊ नये म्हणून. दगडाबाई तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. पाखरू घरात आलं की आपण थोडं सरकून घ्यायचं, ही गोष्ट तिला कुणी वेगळी शिकवली नाही.

नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर घराबाहेर पडायचं नाही, सणासुदीला कुणाच्या दारात जायचं नाही, असं गल्लीतल्या बायकांनी तिला सांगितलं. समोरच्या मनकर्णाबाईनं तर बजावूनच सांगितलं. मनकर्णाबाईचे यजमान रामकिसनराव वसाहतीचे सेक्रेटरी, त्यामुळं तिचं बोलणं म्हणजे ठरावच. दगडाबाईनं वाद घातला नाही. पुढचं दार लावून घेतलं आणि मागच्या पायरीवर बसायला लागली.

परसाची ती जागा तिनं त्या वर्षात बदलून टाकली. म्हणजे खरं तर बरंच काही करायचं सोडून दिलं. पाचोळा झाडायचं सोडलं. त्याबरोबर सातभाई यायला लागले. ते टोळीनं येत, पाचोळा उलटापालटा करून किडे टिपत, आणि त्यातला एक फांदीवर बसून राखण करी. तो कलकलला की बाकीचे झुडपात. थोड्या वेळानं राखणदार खाली उतरे, दुसरा वर जाई. कुंपणाची बोर तिनं छाटली नाही. जिन्याखाली पडलेलं फुटकं मडकं काढून त्याच्या खापरात पाणी ठेवलं. पहिल्यांदा ते मेंदीच्या दाट झुडपाला लागून ठेवलं, सावली राहील म्हणून. त्या झुडपात दबा धरून मांजरानं पाणी पिणारा होला धरला. पिसं गोळा करताना तिला स्वतःचा राग आला. मग खापर मोकळ्यावर आणलं, पाखराला मांजर दुरून दिसेल असं, आणि तरी एका झेपेत फांदी गाठता येईल असं. खापरात मध्ये एक खडबडीत दगड ठेवला. खोल पाण्यात लहान पाखरं उतरत नाहीत, दगडावर बसून मात्र पितात, अंघोळही करतात. पाणी रोज ओतून टाकायचं, खापर राखेनं घासायचं, पुन्हा भरायचं. ज्वारीची कणसं तिनं दोरीला बांधून टांगली.

शेजारच्या घरात सगीरा राहायची. तिचे यजमान शाळेत उर्दू शिकवायचे. मधली भिंत कमरेएवढीच होती. एकदा सगीरा भिंतीवरून म्हणाली, "दगडाबी, ये मनहूस परिंदा मेरेकूभी डराता. शाम हुई की खिडकी बंद कर लेतूं."

"ये हिकडं," दगडाबाई म्हणाली. "बसून बघ एकडाव."

सगीरा आली. ऊन उतरलं तेव्हा ढोलीच्या तोंडाशी एक गोल डोकं आलं. पिवळ्या डोळ्यांनी त्यानं दोघींकडं रोखून पाहिलं, मग मान खाली, मान वर, पुन्हा खाली. जणू दोघींना मुजरा करत होतं. सगीराला हसू फुटलं. बुलबुलाच्या जोडीनं ते दिसताच त्याच्यावर झेप घेऊन आरडाओरडा सुरू केला, मग काळा कोतवाल पक्षी आला, खारही शेपटी आपटत ओरडायला लागली. पिंगळा बिचारा डोकं आत ओढून घेई, थोड्या वेळानं पुन्हा काढी.

"सगळी याला शिव्या देतेत," दगडाबाई म्हणाली. "आपल्यावाणीच."

गल्लीत एका पाखराला मात्र मान होता. बोरीच्या जाळीत भारद्वाज येई. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे. त्याचं दर्शन शुभ. मनकर्णाबाईचा लेक परीक्षेला निघाला की ती त्याला घेऊन दगडाबाईच्या कुंपणाशी येऊन उभी राही. आत येत नसे. कुंपणापलीकडूनच भारद्वाज बघायचा आणि विधवेच्या तोंडाकडं न बघता परतायचं, अशी तिची सोय होती.

एका सकाळी ती अशीच उभी असताना भारद्वाज मेंदीत शिरला आणि बुलबुलाच्या घरट्यातलं उघडंवाघडं पिल्लू चोचीत धरून बाहेर आला. बुलबुल त्याच्या डोक्यावर नाचत होते. त्यानं फांदीवर बसून पिल्लू गिळलं. मनकर्णाबाईनं तोंडावर पदर घेतला.

"हाकला त्याला," ती म्हणाली.

"मी कशी हाकलू? तुमचं शुभ पाखरू हाय ते." दगडाबाईचा आवाज शांत होता. "त्यालाबी पिल्लं हायेत. हे त्याचं खाणंच हाय. आपुन कुणाला शुभ म्हणतो, कुणाला अशुभ, त्यांला काय ठावं."

बुलबुलाचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. पण भारद्वाजाची जाळीही तिनं तोडली नाही.

कडूबाला जाऊन तीनेक वर्षं झाली असतील. रामकिसनरावांच्या कोठीत गावाकडून आलेलं धान्य होतं आणि त्याला उंदीर लागले. त्यांनी कणकेच्या गोळ्यांत औषध घालून कोठीत, पायऱ्यांखाली, गटारीच्या कडेला टाकलं. झिंगलेले उंदीर भर उजेडात रस्त्यावर फिरायला लागले. दगडाबाईला ते दिसले, पण त्यातून पुढं काय होणार हे तिला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी पाणी भरायला ती परसात गेली तर लिंबाखाली पिंगळा पडलेला. एक पंख पसरलेला, नख्या आवळलेल्या. जवळच अर्धवट खाल्लेला उंदीर. वर ढोलीच्या तोंडाशी त्याचा जोडीदार बसून होता, दिवस वर आला तरी आत जात नव्हता.

दगडाबाईनं सूप आणलं. त्यात पिंगळा ठेवला, शेजारी तो उंदीर ठेवला, आणि पुढचं दार उघडून रस्ता ओलांडला. तीन वर्षांनंतर ती त्या दारात जात होती. रामकिसनराव ओट्यावर पेपर वाचत होते. तिनं सूप त्यांच्या पायाशी ठेवलं.

"हे काय आणलंस सकाळी सकाळी," ते मागं सरकले.

"तुमच्या घरचा उंदीर हाय. तो खाऊन माझं पाखरू मेलं."

"औषध मी उंदरांना घातलं. पाखरांना नाही."

"ते पाखराला कसं कळावं?"

मनकर्णाबाई आतून आली, सूप बघून उंबऱ्यातच थांबली. "मेलं तर बरंच झालं," ती म्हणाली. "वसाहतीची पीडा गेली."

आजूबाजूच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली होती. दगडाबाईनं सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"त्यानं माझा मालक मारला, असं तुम्ही सगळी म्हणला. कुणी बघितलं नव्हतं, तरी म्हणला. मी ऐकून घेतलं. आता ह्याला ह्या घरानं मारलं, हे समद्यांसमोर सुपात हाय. मग ह्या घराला काय म्हणायचं, तेबी सांगा. मीबी उद्यापासनं ह्या दारावरनं जाताना तोंड फिरवीन."

रामकिसनरावांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी काय मुद्दाम केलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नसंल केलं. पण गोळ्या उचला. आजच."

त्यांनी गोळ्या उचलल्या की नाही हे कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांच्या दारात दोन लोखंडी पिंजरे मात्र आले आणि पुढं औषध पुन्हा पडलं नाही. मनकर्णाबाईनं पुष्कळ दिवस बोलणं सोडलं. दगडाबाईला त्याचा काही त्रास झाला नाही. बोलणं तसंही कुंपणापलीकडूनच होतं.

उरलेला पिंगळा एकटा पडला. पूर्वी एकानं सुरू केलं की दुसरा लगेच साथ द्यायचा, दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा. आता एकच आवाज यायचा. ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. त्या थांबण्यात सगीराचा जीव कासावीस व्हायचा.

"रो रई क्या वो?" तिनं विचारलं.

"मला नाय ठाऊक. पाखराचं रडणं आपल्याला काय कळतंय. बोलावतंय, एवढं मातर कळतंय." थोड्या वेळानं दगडाबाई म्हणाली, "नर हाय का मादी तेबी मला वळखू येत नाय. दोन्ही सारखीच दिसत्यात."

पावसाळा गेला. नवरात्र झालं. थंडी पडायला लागली तसा एका संध्याकाळी त्या थांबण्यात लांबून, शाळेच्या मैदानाकडून, उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी जवळून आलं. मग लिंबाच्या फांदीवर दोन पिंगळे दिसले, आधी हातभर अंतर ठेवून बसलेले, आणि काही दिवसांनी खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या मानेवरची पिसं चोचीनं विंचरताना. दगडाबाईनं सगीराला हाक मारली.

"बघ गं, पाट लावला त्यानं," ती म्हणाली. आमच्याकडं नवरा गेलेल्या बाईच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. "कुणाला विचारलं नाय, कुणाचा कौल लावला नाय."

सगीरा हसली, दगडाबाईही हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात ती शहागंजच्या बाजारात गेली आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या भरून आली. कासारानं नवऱ्याचं नाव विचारलं, ते तिनं सांगितलं. कडूबा आहे की गेला, हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. गल्लीतल्या बायकांनी बांगड्या पाहिल्या. दोघी-तिघींनी टोकलं. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि भांडी घासत राहिली.

लक्ष्मीचं लग्न ठरलं ते फाल्गुनातलं. मांडव घालायला आलेल्या माणसांनी परसातली जागा पसंत केली, आयती सावली आणि दोर बांधायला आयती फांदी म्हणून. फांदी नेमकी ढोलीची. आत पिल्लं होती.

"मांडव पुढं घाला," दगडाबाई म्हणाली.

"पुढं ऊन आहे, बाई. पाहुणे भाजतील."

"भाजू द्या थोडे. दोन घटकांचं काम हाय. आन् कर्णा त्या बाजूला नाय लावायचा."

पाहुणे भाजले आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तात्यासाहेब लग्नाला आले. बोलावलं नव्हतं असं नाही, तिनं स्वतः पत्रिका पाठवली होती, आणि पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकायला ते आले हे तिला बरं वाटलं. पण नवरीला ओवाळायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मंडळींनी ताट उचललं आणि दगडाबाईला हळूच म्हणाल्या, "तू मागं हो. शुभ काम आहे."

दगडाबाईनं ताटाला हात घातला. दोघींच्या हातांत ताट, निरांजनाची वात हलायला लागली.

"जाऊबाई, मी पोटात वाढवली ती. तिला माझी नजर लागायची नाय."

"अगं पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लई वर्षं म्हणतेत. मला सवय झालीय."

लक्ष्मी मुंडावळ्या सावरत म्हणाली, "आईच ओवाळील मला." जाऊबाईंनी तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेब उठले आणि पाणी प्यायला म्हणून मांडवाबाहेर गेले. जाऊबाईंनी ताट सोडलं. दगडाबाईनं लेकीला ओवाळलं, हिरव्या बांगड्यांच्या हातांनी, आणि कपाळाला कुंकू लावलं. अक्षतांच्या वेळी तात्यासाहेब परत आत आले होते.

लेकीची पाठवणी दिवस मावळताना झाली. जीपमध्ये पेटी चढली, लक्ष्मी आईच्या गळ्यात पडली, आणि त्याच वेळी घरामागून पिंगळ्यांनी एकदम कल्लोळ केला. मोठी दोन, आणि त्यांच्या जोडीला ढोलीबाहेर डोकावायला लागलेली पिल्लं. नवऱ्या मुलाच्या आईचा हात मंगळसूत्राकडं गेला. लोक दगडाबाईकडं बघायला लागले, जणू तिनंच ओरडायला लावलं होतं.

"विहीणबाई, भिऊ नका," दगडाबाई म्हणाली. "पोटं भरायला निघालेत. रोज ह्याच वेळंला निघतेत." आणि लक्ष्मीचा हात धरून तिला जीपमध्ये बसवलं.

लक्ष्मीचा संसार वाईट झाला नाही. विहीणबाईंनी पहिली दोनेक वर्षं ती गोष्ट उगाळली, मग लक्ष्मीला मुलगा झाला आणि ती मागं पडली. बाळाला घेऊन लक्ष्मी माहेरी आली तेव्हा विहीणबाईही सोबत आल्या. दगडाबाईनं त्यांना चहा दिला तो मागच्या पायरीवर. समोर सातभाई पाचोळा उडवत होते. विहीणबाईंनी विचारलं, इतकी पाखरं तुम्ही बोलावता तरी कशी?

"बोलवीत नाय मी," दगडाबाई म्हणाली. "हाकलीत नाय, एवढंच." मग तिनं नातवाला मांडीवर घेतलं आणि खापरावर उतरणारा दयाळ पक्षी त्याला दाखवू लागली.